घरची चार झाडं आणि हेम्पचं शेत: कायद्यात नेमकं काय मागायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या गटाला लोकप्रतिनिधींकडे एक मसुदा न्यायचा आहे आणि त्यात दोन मागण्या आहेत. सज्ञान माणसाला स्वतःपुरती गांज्याची मोजकी झाडं घरी लावता यावीत, आणि हेम्पच्या शेतकऱ्याला संशयित धरून चालणारे नियम बदलावेत. गटातले काही म्हणतात की मागण्या वेगळ्या न्या, गांज्याच्या नावाने हेम्पवाले बदनाम होतात. बाकीचे म्हणतात की झाड एकच आहे तर लढाही एकच असावा. मग करायचं काय, आणि मसुद्यात लिहायचं काय?

मी १६ वर्षं या पिकात काम करते आहे. सुरुवातीची ७ वर्षं शेतांतून तपासणीचे नमुने काढत होते. त्यानंतर शेतकऱ्यांसाठी आणि घरी लावणाऱ्यांसाठी निवेदनं लिहिणं, समित्यांपुढे बोलणं हेच काम झालं. माझं मत असं की मसुदा एकच करा, आणि तो एकाच तत्त्वावर उभा करा: जे लावणाऱ्याच्या हातात आहे तेवढंच कायद्याने मोजावं. झाडं किती, वाण कोणतं, क्षेत्र किती, कुलूप आहे की नाही, माल विकला की नाही, हे त्याच्या हातात असतं. झाडाच्या ग्रंथींत कुठलं रसायन किती बनलं, हे नसतं. हे तत्त्व दोन्ही मागण्यांना लागू पडतं, म्हणून त्या एकत्र शोभतात.

आधी शब्दाचा एक घोळ मिटवून घ्या. ताग आणि अंबाडी यांनाही व्यापारात हेम्प म्हटलं गेलं आहे. आपण बोलतोय ते हेम्प म्हणजे गांजा आणि भांग ज्या वनस्पतीची, तीच वनस्पती, कॅनाबिस सटायव्हा. फरक वाणाचा आणि रसायनाचा आहे. मसुद्याच्या पहिल्या पानावर हे स्पष्ट लिहा, नाहीतर अर्धी सभा या गोंधळातच जाते.

समितीतल्या बहुतेकांची समजूत असते की टीएचसी, म्हणजे झाडातलं नशा आणणारं रसायन, ०.३ टक्क्यांच्या वर गेलं की नशा येते, म्हणून हेम्पची रेषा तिथे आहे. तसं नाही. १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या वनस्पतीचं वर्गीकरण करताना दोन गट पाडायला एक रेषा घेतली: कोवळ्या पानांच्या कोरड्या वजनात ०.३ टक्के टीएचसी. ही रेषा आपण सोयीसाठी ठरवतो आहोत, हे त्यांनी त्याच लेखात सांगितलं होतं. वर्गीकरणासाठी काढलेली ती खूण पुढे कायद्यात शिरली. अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्यात ०.३ टक्केच आहे. युरोपीय संघाने मध्यंतरी ती ०.२ वर नेली आणि २०२३ पासून पुन्हा ०.३ केली. स्वित्झर्लंडमध्ये मर्यादा १ टक्का आहे, उरुग्वेतही १ टक्का, आणि चेक प्रजासत्ताकाने २०२२ मध्ये १ टक्का केली. पीक तेच, पण एका देशात ते धान्यासारखं शेतमाल आणि दुसऱ्या देशात जाळायचा माल. स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी पानं मोजली होती, आज नमुना फुलांच्या शेंड्याचा घेतात, हाही फरक समितीला दाखवा. टीएचसी मादी फुलांवरच्या चिकट ग्रंथींत साठतं. पानात ते कमी असतं, आणि बीच्या आत जवळजवळ नसतंच.

आता शेतात काय होतं ते सांगते. टीएचसी आणि सीबीडी, म्हणजे याच झाडातलं नशा न आणणारं रसायन, एकाच पूर्वद्रव्यापासून तयार होतात. हेम्पमध्ये सीबीडी बनवणारं विकर (एन्झाइम) काम करतं, पण तेच विकर काम करताना थोडं टीएचसीही तयार करतं. प्रमाण ढोबळमानाने २० ते ३० भाग सीबीडीला १ भाग टीएचसी. म्हणजे फुलात सीबीडी ८ टक्क्यांच्या आसपास पोचलं की टीएचसी ०.३ ला टेकणारच. हे प्रमाण मुख्यतः जनुकांतून येतं. शेतकऱ्याने पाणी तोडलं किंवा खत चढवलं म्हणून ते उलटंपालटं होत नाही. फूल पिकत जातं तशी दोन्ही रसायनं वाढतात. तीन आठवड्यांपूर्वी पास झालेलं शेत आज नापास होतं, आणि त्या तीन आठवड्यांत शेतकऱ्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं.

मी स्वतः असा एक नमुना काढला होता. त्या शेतकरी बाईंनी नोंदी इतक्या नेटक्या ठेवल्या होत्या की पेरणीच्या दिवसाची बियाण्याची पिशवीसुद्धा जपून ठेवली होती. प्रयोगशाळेत नमुन्यांची रांग होती, त्यानंतर पाऊस लागला आणि कापणी लांबली. पुन्हा नमुना काढला तेव्हा आकडा ०.४१ आला. सगळं पीक नष्ट करावं लागलं. त्या पिकातून कुणाला नशा करायची असती तरी करता आली नसती. मी नियमाप्रमाणे काम केलं होतं, पण त्या दिवसानंतर मला नुसते नमुने काढत राहणं जमेना.

म्हणून हेम्पच्या भागात या गोष्टी मागा, आणि त्या कलमांच्या भाषेत मागा. मोजमाप एकूण टीएचसीचं असेल तर सूत्र कायद्यात लिहिलेलं हवं. कच्च्या फुलात टीएचसी बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं, ते तापल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि वजन घटतं, म्हणून आम्लाचा आकडा ०.८७७ ने गुणून टीएचसीत मिळवतात. हे लिहिलेलं नसेल तर एक प्रयोगशाळा एक आकडा देते आणि दुसरी दुसरा. मोजमापातली अनिश्चितता शेतकऱ्याच्या बाजूने धरावी: आकडा ०.३४ आणि अनिश्चितता ०.०५ असेल तर पट्टा ०.२९ ते ०.३९ होतो, त्यात ०.३ येतं, म्हणून पीक पास. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या नियमात हे आज आहे. नमुना आणि कापणी यांत किती दिवस चालतील, हे प्रयोगशाळा आणि पाऊस दोन्ही लक्षात घेऊन ठरवा. आणि मर्यादा ओलांडली की लगेच जाळपोळ नको. फुलं काढून टाकून देठ वापरता यावेत, किंवा सगळं पीक एकत्र दळून पुन्हा तपासता यावं.

हे मागून मिळतं का, असं तुमच्या गटात कोणी विचारेल. मिळतं. अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ च्या तात्पुरत्या नियमात नमुन्यानंतर १५ दिवसांत कापणी संपवायची होती, आणि ०.५ टक्क्यांच्या वर गेलं की शेतकऱ्याचा निष्काळजीपणा धरला जायचा. शेतकऱ्यांनी आणि राज्यांच्या कृषी खात्यांनी हजारो हरकती पाठवल्या. मार्च २०२१ पासून लागू झालेल्या अंतिम नियमात १५ चे ३० दिवस झाले आणि ०.५ चा १ टक्का झाला. त्या हरकतींत मोठमोठी तत्त्वं थोडी होती. माझ्या शेतात किती मजूर, किती एकर, कापायला किती दिवस, असा साधा हिशेब जास्त होता. तुमच्या मसुद्यालाही तसेच हिशेब जोडा.

धाग्यासाठी आणि बियांसाठी घेतलेल्या पिकाचा विचार वेगळा करा. धाग्याचं पीक दाट पेरतात आणि फुलं येऊ लागली की कापतात. त्यातून कोणी फूल विकत नाही. तिथे प्रत्येक शेताचा नमुना काढणं म्हणजे पैसे आणि हंगाम वाया घालवणं. कॅनडात हेम्पच्या शेतकऱ्याने मंजूर वाणांच्या यादीतलंच बियाणं पेरायचं असतं. युरोपात अनुदान हवं तर नोंदणीकृत वाणाचं प्रमाणित बियाणं लागतं. फेडोरा १७, फिनोला अशी वाणं तिथे वर्षानुवर्षं चालतात. तुम्ही हेच मागा: प्रमाणित वाण, बियाण्याची पावती आणि पेरणीची सूचना एवढं असलं की पीक कायदेशीर, बाकी तपासणी अचानक आणि मोजक्या शेतांची.

एक कलम मला फार जवळचं आहे. अमेरिकेच्या कायद्यात अमली पदार्थांचा गंभीर गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला १० वर्षं हेम्प लावता येत नाही. म्हणजे या झाडासाठी ज्यांनी शिक्षा भोगली, ज्यांना झाड सगळ्यात जास्त कळतं, त्यांनाच नव्या धंद्यातून बाहेर ठेवलं. तुमच्या मसुद्यात ही अट येऊ देऊ नका. जे कृत्य नव्या कायद्याने गुन्हा राहणार नाही, त्याच्या जुन्या नोंदी पुसाव्यात, हेही त्याच ठिकाणी मागा. तेही अर्जाची वाट न पाहता, सरकारने आपणहून.

घरच्या लागवडीकडे वळते. इथे सगळ्यात भक्कम आधार खासगी आयुष्याचा आहे आणि तो न्यायालयांनी दिलेला आहे. अमेरिकेतल्या अलास्का राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच, रेव्हिन खटल्यात, सज्ञान माणसाने स्वतःच्या घरात स्वतःपुरता गांजा बाळगणं हे खासगीपणाच्या हक्काखाली येतं असं म्हटलं. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१८ ला तोच मार्ग धरला आणि खासगी जागेतली लागवडही त्यात घेतली. त्यावरचा कायदा मे २०२४ मध्ये झाला. मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःच्या वापरावरची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. उलट निकालही सांगायला हवा, नाहीतर समोरचा सांगेल: क्वीबेकने घरच्या लागवडीवर घातलेली बंदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवली. अर्थात तो निकाल केंद्र आणि प्रांत यांच्या अधिकारांबद्दल होता, घरी झाड लावणं धोक्याचं आहे का याबद्दल नव्हता.

दुकानात गांजा कायदेशीर आणि अंगणात गुन्हा, ही स्थिती मला सगळ्यात अन्यायाची वाटते. वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये विक्री कायदेशीर केली, पण औषध म्हणून घेणारे रुग्ण सोडले तर घरी झाड लावणं तिथे गुन्हाच राहिलं. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून सज्ञानांना दुकानातून विकत घेता येतं, पण घरी लावायला रुग्णालाही मुभा मिळाली नाही. माल दोन्हीकडे तोच आहे. फरक एवढाच की एकीकडे पैसे परवानाधारकाकडे जातात. ज्याला वेदनांसाठी महिनोन् महिने गांजा लागतो आणि ज्याच्या जवळपास दुकान नाही, त्याच्यासाठी कुंडीतलं झाड ही चैन नसते.

किती झाडं मागायची? उरुग्वेने २०१३ च्या कायद्यात घरटी ६ दिली. कॅनडाने २०१८ मध्ये घरटी ४, माल्टाने २०२१ मध्ये ४, लक्झेंबर्गने २०२३ मध्ये ४, जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक सज्ञान माणसाला ३. कोलोरॅडोत माणशी ६, पण एका वेळी फुलावर ३ च. मला कोलोरॅडोची रचना शेतीच्या दृष्टीने शहाणपणाची वाटते, कारण तिने रोप आणि फुललेलं झाड यांतला फरक ओळखला. कटिंगला मुळं फुटतीलच असं नसतं, बियाण्यातून निम्मी झाडं नर निघतात आणि ती उपटावी लागतात. सरसकट ४ मोजलीत तर लावणारा माणूस रोपं मरतील या भीतीने नेहमी काठावर राहतो. रोपाची व्याख्या उंचीवर किंवा फूल दिसण्यावर करा, म्हणजे बघणाऱ्या शिपायालाही ती कळेल.

खरा सापळा मात्र वजनाचा आहे, इथे नीट लक्ष द्या. जर्मनीत ३ झाडं चालतात, पण घरी वाळलेला गांजा ५० ग्रॅमच ठेवता येतो. उघड्यावर चांगलं ऊन मिळालेलं एकच झाड शेकडो ग्रॅम देऊ शकतं. कायद्याने दिलेली झाडं कायद्याप्रमाणे वाढवली आणि कापली, की त्याच संध्याकाळी माणूस मर्यादेबाहेर जातो. जादा माल नष्ट करा, असं त्यावर उत्तर आहे. कोलोरॅडोच्या घटनादुरुस्तीने हा प्रश्न सरळ सोडवला: मुभा असलेल्या झाडांतून जे निघेल ते, झाडं जिथे वाढली त्याच जागी, ठेवता येतं. तुमच्या मसुद्यात हेच वाक्य असू द्या. वजनाची मर्यादा घराबाहेर नेण्याला लावा.

आता विरोधकांचे मुद्दे. ते आधी तुम्हीच मांडा, कारण त्यांतले बरेच खरे आहेत. कोवळ्या वयात नियमित गांजा घेण्याने मेंदूवर परिणाम होतो आणि मनोविकाराचा धोका वाढतो. म्हणून मुलांच्या हाती पडणार नाही अशी बंद जागा ही अट आपणच घालायची. घरात दिवे लावून केलेल्या लागवडीत वायरिंगवर भार येतो आणि ओलाव्याने भिंतींना बुरशी धरते. झाडांची संख्या कमी ठेवली आणि दिव्यांच्या भाराची मर्यादा लिहिली की हे आटोक्यात राहतं. फुलोऱ्याच्या काळात वास शेजारी जातो, आणि शेजाऱ्याची तक्रार ही खरी तक्रार असते. तिच्यावर नोटीस आणि दंड असावा, अटक नसावी. ज्वलनशील द्रावकाने घरात अर्क काढण्यावर मात्र बंदीच मागा. त्यात स्फोट होतात, माणसं भाजतात. माल बाजारात वळवला जाण्याची भीतीही पोकळ नाही. कोलोरॅडोत रुग्णांच्या नावाने ९९ झाडांपर्यंत लावता यायची, तिथून माल बाहेर जाऊ लागला, आणि २०१८ पासून राज्याने एका घरात १२ ची कमाल मर्यादा घातली. मोठा आकडा मागून पुढे सगळंच गमावण्यापेक्षा लहान आकडा मागा आणि तो पक्का मिळवा.

भाड्याने राहणाऱ्यांचा विचार बहुतेक मसुदे करत नाहीत. घरमालक नाही म्हणाला की हक्क संपला, आणि मग हा हक्क फक्त स्वतःचं घर असलेल्यांचा उरतो. यावर उपाय म्हणजे नफा न घेणारी मंडळं: सभासदांनी मिळून लावायचं आणि आपसांत वाटून घ्यायचं. उरुग्वेत अशा मंडळात १५ ते ४५ सभासद आणि ९९ झाडं चालतात, जर्मनीत ५०० सभासदांपर्यंत. घरच्या लागवडीच्या कलमाला जोडूनच हे मागा.

आणि आता ज्या कारणासाठी मी मसुदा एकच करा म्हणते ते कारण. हेम्पचे परागकण वाऱ्याने काही किलोमीटर जातात. धाग्याच्या किंवा बियांच्या शेतात नर फुलं असतात, आणि त्यांचे परागकण अंगणातल्या मादी झाडावर पडले की फुलात बी भरतं आणि राळ घटते. सीबीडीसाठी फूल पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं तर हंगामाचं उत्पन्नच जातं. म्हणजे या लोकांत खरा झगडा आहे तो शेजारधर्माचा. दोन वेगळे कायदे झाले तर तो कोणाच्याच कायद्यात येणार नाही आणि नंतर कोर्टात जाईल. एकत्र बसून ठरवता येतं: नर फुलं असलेल्या शेतांची जागा आधी जाहीर करायची, फुलाच्या शेतांपासून अंतर ठेवायचं, जो आधी पेरेल त्याला प्राधान्य द्यायचं. घरी लावणाऱ्याचं नाव मात्र अशा नोंदवहीत येता कामा नये. उरुग्वेसारखी घरच्या लागवडीची सरकारी नोंदणी मला पटत नाही. सरकार बदललं की ती यादी कोणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही.

आंतरराष्ट्रीय करारामुळे हे करता येत नाही, असं कोणीतरी म्हणेलच. हेम्पपुरतं उत्तर तयार ठेवा: अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम २८ म्हणतं की फक्त औद्योगिक कारणासाठी, म्हणजे धागा आणि बियांसाठी, किंवा उद्यानविद्येसाठी केलेल्या लागवडीला करार लागूच होत नाही. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातलं कलम १४ हे त्याच वळणाचं आहे. त्यात सरकार सर्वसाधारण किंवा विशेष आदेशाने अशी परवानगी देऊ शकतं. घरच्या गांज्याबाबत मात्र करार आपल्या बाजूने आहे असं सांगू नका, तो नाही. तिथे आपला आधार घटनेतला खासगीपणा हाच आहे. आणि जिथे कायदा बदललेला नाही, तिथे निषेध म्हणून झाड लावू नका, कोणाला लावायला सांगूही नका. शिक्षा होते ती नेत्याला नाही, गटातल्या सगळ्यात गरीब माणसाला होते.

पैशाबद्दल शेतकऱ्यांना खोटी आशा दाखवू नका. अमेरिकेत २०१९ मध्ये सगळ्यांनी सीबीडीसाठी हेम्प लावलं, घेणारे मिळाले नाहीत, भाव कोसळले, आणि पुढच्या काही वर्षांत क्षेत्र कितीतरी घटलं. देठ सोलून धागा आणि आतला भुसा वेगळा करणारं यंत्र जवळ नसेल तर धाग्याचं पीक बांधावरच कुजतं. इतकं फुगीर आणि हलकं पीक दूर नेण्याचा खर्च त्याच्या भावात बसत नाही. म्हणून परवान्याआधी प्रक्रिया केंद्र आणि लेखी खरेदी करार, अशी तरतूद मागा. तयार मालावरचे नियमही याच मसुद्यात हवेत. अमेरिकेत त्या जागी पोकळी राहिली, सीबीडीपासून रासायनिक प्रक्रियेने नशेचे पदार्थ बनवून हेम्प म्हणून विकले गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने हेम्पची व्याख्याच आवळली: तयार मालाच्या एका डब्यात एकूण टीएचसी ०.४ मिलिग्रॅमच्या वर चालणार नाही, अंमल वर्षभराने. त्याचा फटका साधं सीबीडी तेल बनवणाऱ्यालाही बसणार आहे. वयाची अट, मात्रेची मर्यादा आणि लेबल आधीच असती तर इतकी कडक मर्यादा घालायची गरज पडली नसती.

शेवटचं एक कलम, जे जवळजवळ प्रत्येक मसुद्यात राहून जातं. पहिलं बी कुठून आणायचं? झाड लावणं कायदेशीर, पण बी विकत घेणं, मागवणं किंवा मित्राकडून कटिंग आणणं गुन्हा, असे कायदे झालेले आहेत, आणि त्यांत हक्काची सुरुवातच गुन्ह्याने होते. जर्मनीने घरच्या लागवडीसाठी युरोपीय संघातल्या इतर देशांतून बी मागवायला मुभा दिली. तुम्ही बी, रोप आणि कटिंग तिन्ही शब्द लिहा, आणि सज्ञानांनी ती एकमेकांना पैसे न घेता देण्याची मुभाही लिहा. मसुदा तयार झाला की पाठवा, व्याख्यांचं पान मी आधी वाचेन.